आतली म्हातारी

आधीच सांगते, ह्यात एक अक्षर खोटं न्हाई. असलं तर माझ्या उरल्यासुरल्या दोन दाढा बसल्या जागी गळू देत. कृष्णामाईची आन, दत्त म्हाराजांची आन, आनि एवढ्यानं भागत नसंल तर आमच्या गोठ्यातल्या बानूची आन. बानू म्हंजे म्हस. तिची खोटी आन घेतली की ती पान्हा चोरती, म्हून ती आन मी उगं घेत न्हाई. आता ऐका.

वाईच्या घाटावर मोठ्या देवळांची गर्दी सोडून जरा खालच्या अंगाला गेलं की एक बारकं दत्ताचं देऊळ लागतं. तितं बायकांचं मंडळ हाय. दर गुरवारी आरती झाली की भाकरी, आमटी आनि भात. एस्टी स्टँडावर झोपनारी, पुलाखाली ऱ्हानारी, घाटावर पडून असनारी, जी येतील ती पंगतीला. कुनाला नाव-गाव इचारायचं न्हाई. आनि थंडी सुरू झाली की वाकळा. शेरातली मानसं तिला गोधडी म्हंत्यात. दिवाळी झाली की बाया सभामंडपात बसून जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवत्यात, दत्ताच्या पादुकांना लावत्यात आनि उघड्यावर झोपनाऱ्यांस्नी वाटत्यात. एका मानसाला एक वाकळ, असा नेम.

आता धरमाचं काम म्हटल्यावर चढावढ आलीच. मंडळाच्या परमुख शकुंतलाकाकू, रिटायर मास्तरीन. त्यांनी रीत पाडली की जिच्या वाकळा सगळ्यांत जास्ती, तिनं दत्तजयंतीला देवाच्या पाळन्याची दोरी वढायची. रीत त्यांनी पाडली आनि सात वर्सं दोरीबी त्यांनीच वढली.

दुसरा नंबर कायम अंजनाचा. अंजना म्हंजे तात्याची बायकू. तात्या मिल्ट्रीतनं आलेला, म्हशीलाबी धार काढायच्या आधी सावधान म्हनायचा. अंजनाच्या हातात सुई आली की सुई दिसायचीच न्हाई, निस्ता दोरा पळताना दिसायचा. एकदा घरचं मांजर वाकळंवर येऊन बसलं. ते उठायच्या आत त्याचं शेपूट धावदोऱ्यात गेलं. चार दिस ते मांजर वाकळ वढत गल्लीतनं हिंडत हुतं. एवढी हुशार बाई, पन दर साली एक वाकळ कमी पडायची.

त्या साली थंडी अशी पडली की सकाळच्या आरतीला घंटा वाजंना. तिची जीभ गारठून कडंला चिकटली हुती. पुजाऱ्यानं कडत पानी वतलं तवा ती वाजली, तीबी शिंक आल्यावानी. त्या साली दोघींच्या अकरा-अकरा झाल्या. वाकळा द्यायचा शेवटचा गुरवार तोंडावर आला आनि अंजनाच्या घरात चिंधी म्हून उरली न्हाई. तात्याचं धोतरसुदिक गेलं हुतं. आता दोन दिसांत नवी वाकळ आनायची कुठनं?

माळ्यावर एक हुती. अंजनाच्या सासूची, मनुबाईची. मनुबाई भाद्रपदात गेली. दोन वर्सं हातरुनाला खिळून हुती, आनि शेवटचा श्वास तिनं त्याच वाकळंवर सोडला. आमच्याकडं अशी वाकळ घरात ठेवत न्हाईत, कुनाला देतबी न्हाईत. नदीकडंला नेऊन जाळत्यात. पन ती मनुबाईनं स्वताच्या हातानं शिवलेली, बावीस लुगडी आत. अंजनाला तवा जाळवली न्हाई. आता तिनं काय केलं, दिवाळीचं कोरं इरकली लुगडं फाडलं आनि त्या वाकळंला वरनं-खालनं नवं कापड चढवलं. एका दुपारीत काम झालं. बारावी वाकळ तयार.

वाकळ देताना शकुंतलाकाकू एकेकीला पादुकांवर हात ठेवून वदवून घ्यायच्या, की ही मरनातली न्हाई. अंजनानं हात ठेवला. त्या मरनाच्या थंडीत पादुकांचा दगड बर्फागत असायला पायजे, पन तिच्या तळव्याला तव्यावर ठेवल्यागत चटका बसला. तरी ती म्हनाली, मरनातली न्हाई. हाताला फोड आला. आठ दिस तिनं तो भाकरी थापताना भाजला म्हून सांगितलं.

ती वाकळ रांगंत पुढं आलेल्या रंगूबाईला गेली.

रंगूबाई मूळची कोयनानगरच्या बाजूची, सत्तरीच्या पुढची. उमर सारी वाकळा शिवन्यात गेली. गावोगाव हिंडायची, दारात बसून वाकळ शिवून द्यायची आनि पदरात पडंल ते जोंधळं घ्यायची. डोळ्यांनी दगा दिला, सुई सुटली, मंग एकेक करत समदंच सुटलं. आता स्टँडावर नानासोच्या चहाच्या गाड्याच्या आडोशाला झोपायची.

पुढच्या गुरवारी पंगत बसली. अंजना आमटी वाढत हुती. रंगूबाई शेजारच्यांस्नी रंगात येऊन सांगाय लागली की मी काय आता एकटी झोपत न्हाई, माझ्या वाकळंत एक म्हातारी हाय. मानसं हसली. कुनीतरी म्हनालं, म्हातारे, थंडी डोस्क्यात गेली तुझ्या.

"हसा," रंगूबाई म्हनाली. "वरची शिवन घाईतली हाय, लांब टाक्याची. पन आत हात घातल्यावानी दाबून बगा. आत दुसरी वाकळ हाय. तिचा टाका मोहरीएवढा. डावी बाजू पार विरलीया, म्हंजे म्हातारी डाव्या कुशीवर झोपायची. टाचंपाशी ठिगळ हाय. आनि निलगिरीच्या तेलाचा वास येतुया. मी रोज पडताना तिला म्हनते, सरक गं जरा."

अंजनाचा डाव आमटीत न जाता स्वताच्या हातावर गेला. मनुबाई डाव्याच कुशीवर झोपायची. निलगिरीचं तेल तर अंजनानंच दोन वर्सं तिच्या छातीला चोळलं हुतं.

शकुंतलाकाकू भात वाढता वाढता थांबल्या. मास्तरनीचे कान, त्यास्नी वर्गात मागच्या बाकावरचं कुजबुजलेलं ऐकाय येतं. त्या म्हनाल्या, रंगूबाई, पुढच्या गुरुवारी येताना ती वाकळ घेऊन या, मला एकदा बघायची आहे. पुढच्या गुरवारीच दत्तजयंती हुती.

अंजनाला त्या दिशी जेवान गेलं न्हाई. काकू वाकळ उसवनार. आतनं मनुबाई निघनार. समद्या बायांम्होरं, पादुकांम्होरं. दोरी तर जाईलच, पन घाटावर तोंड दाखवायची सोय ऱ्हानार न्हाई. वर मनात दुसरी टोचनी हुतीच, की आपुन एका गरीब म्हातारीला मयताच्या हातरुनावर झोपवलं. त्या दोन टोचन्यांमदली मोठी कोनची हुती, ते अंजनानं तवा स्वताला इचारलं न्हाई.

शुक्करवारी सकाळी ती स्टँडावर गेली. रंगूबाई वाकळ गुडघ्यापत्तूर घिऊन चहा पीत हुती. अंजना म्हनाली, "आत्ती, वाकळ द्या. धुऊन आनते."

"पंदरा दिसबी झालं न्हाईत. मळली कुठं?"

"मंडळाचा नेम हाय."

नेमबिम काय न्हवता. पन देवळाचं नाव घेतल्यावर रंगूबाईनं मानलं. तिनं चहा बाजूला ठेवला, वाकळंची चांगली चौपदरी घडी घातली, वरनं हात फिरवला. "कवा आनशील?"

"दोन दिसांत."

"वास घालवू नगंस बग. आनि आतलीला लय पिळू नगंस."

बदल्यात अंजनानं तिला एक चादर दिली. चादर एवढी विरलेली की तिच्यातनं नदीपलीकडच्या देवळाचा कळस दिसायचा. दोन दिसांचाच तर सवाल हाय, असं ती जाताना स्वताशी म्हनाली.

तितनं ती तडक नदीच्या खालच्या अंगाला गेली आनि वाकळ जाळाय बसली. तीन काड्यापेट्या सपल्या, वाकळ पेटंना. निस्ता धूर. अंजना इकडं सरकली की धूर इकडं, तिकडं सरकली की तिकडं. डोळं चोळून चोळून तिला वाटलं आता आपुनच पेटतो. मंग एकदाची धरली. एकेक पदर जळत गेला आनि एकेक लुगडं तिला वळखू याय लागलं. हे मनुबाईचं डोहाळजेवनातलं हिरवं. हे तात्याच्या बारशाचं. हे नेसून ती अंजनाला बगायला आलती आनि दारातच म्हनाली हुती की पोरगी काळी हाय पन हात सोन्याचं हाईत. सगळ्यांत आत शालूचा एक तुकडा निघाला, जांभळा. अंजनाच्याच लगनातला. म्हातारीनं तो कवा कापून घेतला, कवा आत घातला, अंजनाला ठावं न्हवतं. तिनं काटकीनं तो वढायला बघितला. काटकी बी जळली.

घरी आल्यावर तात्यानं इचारलं की आईची वाकळ माळ्यावर दिसत न्हाई. अंजनानं सांगितलं, उंदरांनी कुरतडली, जाळून टाकली.  संध्याकाळी तात्यानं बाजारातनं चार सापळं आनलं आनि माळ्यावर ओळीनं मांडलं. एकबी उंदीर घावला न्हाई. रोज सकाळी तो सापळं बघायचा आनि परत मांडायचा, आनि रोज सकाळी अंजना चुलीकडं तोंड करून बसायची.

नवी वाकळ शिवायची हुती. तिनं चांगली लुगडी फाडली, नव्यातली नवी. दोन दिसांत सहज झाली असती. पन अंजनाच्या डोस्क्यात आलं, रंगूबाईच्या हाताला कळनार. लांब टाका लागला की ती म्हननार, ही ती न्हवं. म्हून अंजना मोहरीएवढा टाका घालाय बसली. जी सुई दिसायची न्हाई ती सुई आता गोगलगाईगत चालाय लागली. इतभर शिवायचं, पसंत न्हाई पडलं की उसवायचं. मनुबाईचा टाका तिला येईना. डावीकडनं विरलेली दिसावी म्हून तिनं एका कडंला दगड घासला. आता बगा, खोट लपवायला बाई खरं कापड फाडाय लागली. निलगिरीचं तेलसुदिक शिंपडलं. शनवार गेला, आयतवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज म्हनायची उद्या. आनि त्या चार दिसांत भाजीला जाताना ती स्टँडावरनं न जाता लांबच्या वाटंनं गेली.

बुदवारी सकाळी नानासो स्वता दारात आला. गाडा सोडून तो कधी कुनाच्या दारात जात न्हाई. अंजना वाकळंवर वाकलेली. तिनं वर बघितलं.

"वैनी," नानासो म्हनाला, "तुमचं धुनं कवा व्हायचं? का समदी कृष्णा सपली?"

मंग त्यानं एकेक सांगितलं. सोमवारी मंडळाच्या बाया उरलेल्या दोन वाकळा घेऊन स्टँडावर आल्या हुत्या. रंगूबाई चादरीत कुडकुडत बसलेली बघून त्यांनी तिच्या अंगावर एक टाकली. तिनं ती काढून परत दिली. म्हनाली, एका मानसाला एक. माझी धुवायला गेलीया, अंजनाबाय आननार हाय, ही कुना उघड्याला द्या. नानासोनं आपलं घोंगडं देऊ केलं, तर तेबी नगं. तुझ्या पोरांस्नी काय घालशील, म्हनाली. मंगळवारी तिच्या छातीत घरघर सुरू झाली. आज सकाळी चहाला हाक मारली तर उठली न्हाई, निस्तं डोळं उघडून बघत हुती. नानासोनं रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं हुतं.

सांगून झाल्यावर नानासो उंबऱ्यावर जरा थांबला. त्याची नजर वाकळंवर गेली, दगडानं घासलेल्या कडंवर गेली. त्याला काय कळलं, काय न्हाई, दत्ताला ठावं. तो माघारी गाड्याकडं गेला.

अंजना उठली ती देवळात. शकुंतलाकाकू पाळन्याला झेंडूच्या माळा बांधत हुत्या. अंजनानं समदं सांगितलं. माळ्यावरची वाकळ, पादुकांवरचा हात, नदीकडंचा जाळ, चादर. सांगताना ती वाट बघत हुती की आता काकू थोबाडीत देतील, मंडळातनं काढतील, पाळन्याला शिवू नगंस म्हनतील. तिला तसं व्हायलाच पायजे हुतं. थोबाडीत बसली असती तर ती घरी जाऊन जेवली असती.

काकूंनी हातातली माळ पुरी बांधली. मंग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हनाल्या, "अंजना, बोललीस ते इथंच राहू दे. उद्या उत्सव आहे. लोकांच्या कानावर गेलं की मंडळाच्या वाकळा मयताच्या असतात, तर उद्यापासून कोण घेईल? थंडीत कुडकुडतील बिचारे. दोरी तूच ओढायचीस. तोंड धुऊन ये."

चुकीचं बोलल्या का बरोबर, मी सांगत न्हाई. पन अंजनाला वाटलं, आपुन चोरी कबूल कराय आलो आनि आपल्यालाच पाटलीन करून धाडलं.

दुसऱ्या दिशी सांच्याला घाटावर हीऽ गर्दी. जन्माची येळ झाली. ढोल वाजाय लागलं, दिवं लागलं, बाया पाळना म्हनाय उभ्या ऱ्हायल्या आनि काकू अंजनाला हुडकाय लागल्या. अंजना तवा दवाखान्याच्या जिन्यात हुती. डोस्क्यावर वाकळ घिऊन पायरीवर उभी. ढोलांचा आवाज तितपत्तूर येत हुता. दोरी कुनी वढली त्ये तिनं आजपत्तूर कुनाला इचारलं न्हाई.

रंगूबाई खिडकीच्या कडंच्या खाटंवर हुती. दवाखान्याची लाल चादर गळ्यापत्तूर, नाकाला नळी. बारकी झाली हुती, उशीवर निस्तं नाक दिसत हुतं. पावलं वाजली तशी तिनं मान वळवली.

"आनलीस?"

अंजनानं वाकळ तिच्या अंगावर पसरली. रंगूबाईचा हात चादरीतनं बाहीर आला. एका टोकापास्नं दुसऱ्या टोकापत्तूर तो हात गेला, सावकाश, भाकरीवरनं फिरवावा तसा. डाव्या कडंला थांबला. दगडानं घासलेलं तिनं दोन बोटांत धरून बघितलं. मंग हात आत घेतला.

"ही ती न्हवं."

"नव्या लुगड्यांची हाय, आत्ती. चांगली, ऊबदार."

"आतली म्हातारी कुठाय?"

मंग अंजनाला खाटंच्या कडंला बसावंच लागलं. तिनं सांगितलं की ती म्हातारी माझी सासू. त्या वाकळंवर तिचा जीव गेला हुता. तशी वाकळ कुनाला देऊ नये, मी दिली, माझ्या हातनं पाप झालं. म्हून मी ती न्हेऊन जाळली. बोलताना तिला रडू फुटलं, पन रंगूबाईच्या चेहऱ्यावर काय हाललं न्हाई.

"मयताची हाय ते मला पयल्याच रातीला कळलं हुतं," ती म्हनाली. "उमर गेली माझी वाकळांत. मला कळनार न्हाई व्हय? जित्या मानसानं कवा मला आपलं हातरून दिलंया? दिलीस ते बरं केलंस." ती धाप लागून थांबली. नळी नीट केली. "नेलीस कशाला?"

अंजनाकडं उत्तर हुतं. चार दिस ती तेच उत्तर मोहरीएवढ्या टाक्यांत शिवत बसली हुती. तोंडाला येईना. शेवटी म्हनाली, "पाळन्याच्या दोरीपायी."

"कसली दोरी?"

रंगूबाईला दोरीचं काय ठावंच न्हवतं. वाकळा देऊन काय मिळतंय, कुनाच्या किती झाल्या, कोन पयली, कोन दुसरी, ते पंगतीला बसनाऱ्या एकालाबी कधी ठावं न्हवतं. अंजना सांगाय लागली, दोन वाक्यं बोलली, आनि तिसरं तिला बोलवंना. एवढं बारकं दिसाय लागलं ते सांगताना, सुईच्या नाकातनं जाईल एवढं.

 खिडकीतनं घाटाकडचं ढोल ऐकाय येत हुतं. मंग रंगूबाईनं हात बाहीर काढला, नवी वाकळ गळ्यापत्तूर वढली, डाव्या कुशीवर वळली आनि म्हनाली, "ऊब आली गं, पोरी."

आठ-धा दिसांनी ती बरी झाली. दवाखान्यातनं सुटली तशी स्टँडावर आली, नानासोचा चहा प्याली आनि कोयनानगरच्या गाडीत बसली. कुनाकडं चालली ते सांगितलं न्हाई. अंजना आजबी दर गुरवारी आमटी वाढती. वाकळा शिवती, पन किती झाल्या ते मोजत न्हाई, आनि मयताची का जित्याची तेबी इचारत न्हाई. तात्याचं सापळं तेवढं माळ्यावर अजून मांडलेलं हाईत.

झालं. एवढीच गोष्ट.

आता बानूची आन घेतलीया, आनि सकाळी मलाच धारंला बसायचंय, तवा एक कबूल करते. मांजराचं शेपूट, पादुकांचा चटका, अंजनाच्या मागं फिरनारा धूर, ते समदं घडलेलं, त्यात बोट ठेवाय जागा न्हाई. निस्तं रंगूबाईचं शेवटचं वाक्य माझं. "ऊब आली" असं रंगूबाई म्हनालीच न्हाई.  तिनं नवी वाकळ अंगावरनं काढली, दम लागत हुता तरी चौपदरी घडी घातली, पायाशी सरकवली, आनि तोंड भिताडाकडं केलं.